खांद्यावरचा अर्धा हात

आमच्या संस्थेचं ऑफिस पिठाच्या गिरणीच्या माडीवर आहे. खाली दळण सुरू झालं की वर कॅमेरे, कॉम्प्युटर आणि सभासदांचे दात एका तालात वाजतात. आमचे लेख संपादकांच्या टेबलावर पोचतात तेव्हाही त्यांना बाजरीच्या पिठाचा वास येत असतो, असं एका संपादकाने मला स्वतः सांगितलं. (आमचे फोटोग्राफर अन्वरभाई म्हणतात, तो ज्वारी म्हणाला होता.)

सात जणांची ही सहकारी संस्था. चार लिहिणारे, तीन फोटो काढणारे. सगळेच मालक आणि सगळेच नोकर, त्यामुळे चहा कोणी करायचा यावरसुद्धा मतदान होतं आणि तोवर दूध नासतं. गावोगाव फिरून माणसांवर सावकाशीने लेख करायचे, सोबत फोटो द्यायचे आणि रविवारच्या पुरवण्यांना, दिवाळी अंकांना पाठवायचे, हा आमचा धंदा. नियम दोनच. पहिला, फोटोखालच्या ओळीवर लिहिणारा आणि फोटो काढणारा अशा दोघांच्या सह्या हव्यात. दुसरा, ज्या माणसावर लिहिलं त्याला ते छापायच्या आधी अख्खं वाचून दाखवायचं.

दुसरा नियम मी मोडला. मोडला म्हणजे अगदी फोडला नाही, कडेचा टवका उडवला. मागच्याच्या मागच्या दिवाळीला मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बंजारा तांड्यावर लेख केला होता. तिथल्या जमनाबाई राठोड आरसे आणि कवड्या जडवलेला घेरदार घागरा, म्हणजे फेटिया, आणि वर कांचळी ही चोळी असा आपला जुना पोशाख रोज घालतात, शेतातसुद्धा. लेख मी त्यांना फोनवर वाचून दाखवला. त्या ‘बेस हाय’ म्हणाल्या. फोन ठेवला आणि मला वाटलं, शेवट जरा मऊ झाला. म्हणून मी एक वाक्य वाढवलं: ‘हा पोशाख अंगावर वागवणारी जमनाबाई ही तांड्यातली शेवटची बाई.’

लेख लिहिणाऱ्यांना हा रोगच आहे. शेवटचा कल्हईवाला, शेवटचा तमासगीर, शेवटचा अमुक. माणूस शेवटचा केला की लेख आपोआप जड होतो. मी आजवर एकोणतीस माणसं शेवटची केली आहेत आणि त्यातली बरीचशी अजून ठणठणीत आहेत.

पौषात एका सकाळी फोन आला.

“मंदाबाई, तू मले शेवटची काहून केली वं?”

आवाज जमनाबाईंचा. मी चहा सांडला.

“मोती वर्षभरापासून बोलत नाई माह्यासंगं. ते बी रोज फेटिया घालते, पन्नास वर्षं झाले. माघात नातीचं लग्न हाय. ढावलो कोन शिकवन पोरीले? मोतीशिवाय कोनाले येते? तू लिवलं, आता तूच येऊन मिटव.”

ढावलो म्हणजे सासरी निघालेली नवरी घरच्या बायकांच्या गळ्यात पडून गाते ते रडगाणं. ते मोठ्या बायकांकडून आधी शिकावं लागतं. त्या तांड्यात ते ज्यांना येतं त्या मोतीबाई चव्हाण. जमनाबाईंच्या शेजारणी, एकाच आठवड्यात दोघी नवऱ्या होऊन तांड्यात आलेल्या. आणि मी ज्यांना लेखातून नाहीसं केलं होतं त्यासुद्धा याच.

त्याच दिवशी संस्थेची सभा भरली. मी स्वतः जाऊन चूक दुरुस्त करावी, हा ठराव सहा विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. ते एक मत माझं होतं. सोबत अन्वरभाई, कारण त्या फोटोखाली दुसरी सही त्यांची होती. अन्वरभाई मिरजेचे, आमचे सर्वांत जुने फोटोग्राफर. मी दिवसाला दहा हजार शब्द बोलते, ते बारा बोलतात आणि त्यातले आठ मला दुरुस्त करण्यात जातात. निघताना त्यांच्या काखेत पुठ्ठ्याची एक लांब नळी होती. “काय आहे?” म्हटलं. “कापायच्या आधीचं,” ते म्हणाले आणि गप्प बसले ते थेट बडनेऱ्यापर्यंत.

नेर

बडनेऱ्याला आगगाडी सोडली आणि एसटीने नेरला आलो. थंडी अशी होती की माझं वाक्य तोंडातून निघायचं आणि गोठून खाली पडायचं. (अन्वरभाई: “स्वेटर पुरला.”) रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळी पांढऱ्या झालेल्या. मला वाटलं, दव. शेजारी बसलेल्या काकांनी मला वेड्यात काढलं. “कापूस हाय बाई तो. ट्रॅक्टर भरून जाते नं, मंग काटे आपला हिस्सा काढून घेतेत.”

नेरच्या स्टँडसमोर आम्ही तर्री-पोहे, म्हणजे वर झणझणीत रस्सा ओतलेले पोहे, खाल्ले. मी कोल्हापूरची. तिखटाच्या बाबतीत आम्ही जगाला हिणवतो. त्या मिजाशीत मी गाडीवाल्या ताईंना म्हटलं, “तर्री जरा जास्तच घाला.”

“नक्की?” त्या म्हणाल्या.

“अहो, आम्ही कोल्हापूरचे!”

“असं का,” त्या म्हणाल्या, आणि डाव आडवा न धरता उभा धरून ओतला.

पहिल्या घासाला माझे कान बंद झाले. दुसऱ्याला मला माझे वारलेले काका दिसले. तिसऱ्याला ते काका म्हणाले, पाणी पी. ताईंनी न सांगता पुढ्यात ताक ठेवलं, त्यावर एक चमचा साखर टाकली आणि पाठीवरून हात फिरवला. आमच्या कोल्हापुरात एखाद्याला तिखट झेपलं नाही तर चार माणसं गोळा करून हसतात. ही बाई हसली नाही. एवढंच म्हणाली, “येतं येतं, सवय होते. जाता वक्ती पुन्हा खाऊन जा.” त्या ताकाचं ऋण मी विसरणार नाही. जाताना पुन्हा खाल्लंही. निम्मी प्लेट.

दारव्ह्याकडून पुढे

दारव्ह्याहून तांड्याकडे जीप जाते. तिच्यात तेवीस माणसं, दोन बकऱ्या आणि मी होते. (“चौदा. बकरी एक.”) नळी कुठे ठेवायची हा प्रश्न आला. ड्रायव्हर म्हणाला, टपावर. अन्वरभाई म्हणाले, मग मीही टपावर. शेवटी नळी सगळ्यांच्या मांडीवर आडवी आली आणि समोरच्या एका काकूंनी तेवढ्या हक्काने विचारलं, “याच्यात हाय तरी काय?”

अन्वरभाईंनी, ज्यांच्याकडून मी एक ओळ काढू शकले नव्हते त्यांनी, मुकाट्याने झाकण काढून फोटो चालत्या जीपमध्ये उलगडला. चार जणांनी चार कोपरे धरले.

तेव्हा मी तो अख्खा फोटो वर्षभराने पाहिला. डावीकडे जमनाबाई, ताठ, कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या. उजवीकडे मोतीबाई, तोंडभर हसताना, त्यांचा हात जमनाबाईंच्या खांद्यावर. मीच अन्वरभाईंना म्हटलं होतं, उजवीकडून कापा, एकटी हवी. त्यांनी कापलं. मी म्हटलं, अजून थोडं आत. ते म्हणाले, आता मान कापली जाईल. तेव्हा खांद्यावर अर्धा हात उरला होता, चार बोटं आणि गोंदण. मी म्हटलं, राहू द्या, कोण बघतंय! आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली.

“हे तं मोतीबाई नं जमनीबाई,” काकू म्हणाल्या. त्या पुढच्या गावच्या, कापूस आणि तुरीच्या शेतकरी घरातल्या, पण दोघींना ओळखणाऱ्या. “बोलत नाईत म्हनते आता. कोन्या पेपरवालीनं भांडन लावलं.”

बकरीसुद्धा माझ्याकडे बघायला लागली.

“मीच ती,” मी म्हटलं.

काकूंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. मग पिशवीतून उकडलेल्या तुरीच्या शेंगा काढून माझ्या ओंजळीत ओतल्या. “खा. ताकद लागन तुले. अन् आयक, सरळ बुढीच्या घरात घुसू नको, दोघीबी दार लावतीन. आधी नाईकाले भेट.”

तांडा

तांड्याचं नाव मी लिहीत नाहीये. नाव लिहू नये, असं तांड्यानेच मला बजावलं आहे. “नाईतं तू त्याले बी शेवटचा करून टाकशीन.”

गावापासून वेगळी वस्ती, दोन टेकड्यांच्या मध्ये. पूर्वी यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालायचे, आता सगळे शेती करतात. वरच्या अंगाला साग आणि पळस, खालच्या अंगाला कपाशीची पऱ्हाटी. तुरीच्या गंजी दारोदार उभ्या होत्या आणि त्यांच्या वासाने मला आंघोळ केल्यासारखं वाटलं.

तांड्याचे प्रमुख शंकर नाईक सत्तरीचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. बोलणंही तसंच, ठरलेल्या थांब्यांखेरीज कुठे थांबायचं नाही. मी दारातच माफीला सुरुवात केली तर म्हणाले, “पानी प्या आधी. भांडन पळून नाई चाल्लं.”

पाणी झालं, चहा झाला. मग त्यांनी मला लिंबाखाली नेलं. तिथे बघता बघता अख्खा तांडा जमला. आमच्याकडे असं काही झालं की दार लावून, आवाज दाबून, खिडकीत शेजारी नाही ना हे बघून बोलतात. इथे भांडण अंगणात ठेवतात, वाळवणासारखं, सगळ्यांच्या नजरेसमोर. जमनाबाई ओट्यावर बसल्या होत्या, पूर्ण पोशाखात, माझ्याकडे न बघता. समोर वीस पावलांवर एका घराच्या दारात दुसरी बाई आमच्याकडे पाठ करून गहू निवडत होती. तिच्याही पाठीवर आरसे चमकत होते. त्या मोतीबाई.

मी उभी राहिले. भाषणाची तयारी केली होती. “भाग्यवान तांड्यातल्या माझ्या आयाबहिणींनो, सूर्य जसा...”

“बाई,” नाईक म्हणाले, “सूर्य राहू द्या. जे तुम्ही पायलं तेवढंच सांगा.”

त्यांनी समाजमंदिरातून माझा लेख आणवला. लॅमिनेट केलेला. एका बोटाने फोटोतला तो खांदा दाखवला. “हा हात कोनाचा हाय?”

सत्तर-ऐंशी माणसं. (अन्वरभाईंनी हा आकडा बदलला नाही, म्हणजे खरा असावा.) सगळ्यांना माहीत होतं. अंगठ्याजवळचे गोंदलेले पाच ठिपके लहान मुलंसुद्धा ओळखत होती. कोण बघतंय, म्हटलं होतं मी. वर्षभर तांडा तोच हात बघत होता.

“मोतीबाईंचा,” मी म्हटलं. “मी दोन बाया पाहिल्या. लिहिली एक.”

आयुष्यात मी इतकं छोटं भाषण केलं नव्हतं. वीस पावलांवर गहू निवडणारे हात थांबले, पण पाठ वळली नाही.

नाईक म्हणाले, “तांड्याचं काई म्हननं नाई आता. बाई खोटं नाई बोलली. पन मोतीचं मोतीपाशी. उद्या सकायी जा तिच्या दारात. ते बस म्हनन तं बसा, नाई म्हनन तं उभ्या राहा.”

रात्रीचं जेवण जमनाबाईंकडे. त्या भाकरीला बाटी म्हणतात. ज्वारीची बाटी, ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी, आणि दगडाच्या खलात कुटलेला ठेचा. माझ्यावर राग होता तरी ताटातली बाटी संपायच्या आत दुसरी पडत होती. मी नऊ खाल्ल्या. (“चार.”)

“रागावलात ना?” मी विचारलं.

“हो,” जमनाबाई म्हणाल्या. “खा.”

त्यांची नात पूजा, दारव्ह्याला नर्स आहे, तिचंच लग्न. ताट उचलता उचलता हळूच म्हणाली, “ताई, मले एक ओळ येत नाई अजून. मोबाईलवर आयकून कोरडंच रडते मी. आजी म्हनते, मोती आल्याशिवाय लग्नात ढावलो होनार नाई.”

“तुम्ही त्यांना एकदा सरळ सांगितलं का नाही, की ते वाक्य तुमचं नाही म्हणून?” मी जमनाबाईंना विचारलं.

जमनाबाईंनी चुलीत काटकी सरकवली. “पन्नास वर्षं संगं राह्यली ते. तिले सांगा लागते का?”

मोतीबाईंचं दार

सकाळी दारात गेले. मोतीबाई अंगणात गोधडीवर आरसे जडवत बसल्या होत्या. बारीक बाई, पण असा दरारा की मला शाळेतल्या बाई आठवल्या. त्यांनी बस म्हटलं नाही. मी उभी राहिले. ऊन माझ्या डोक्यावर आलं, पलीकडे गेलं, ऋतू बदलला, अन्वरभाईंची दाढी वाढली. (“वीस मिनिटं.”)

शेवटी त्यांनी न बघताच एक सुई पुढे केली. “ओव.”

मी दोरा ओवला. दुसरी सुई आली. तीही ओवली. पाचव्या सुईला त्या म्हणाल्या, “बस.”

बसले.

“वाच,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“तूनं जे लिवलं ते. समद्यांनी वाचलं, मले कोनी वाचून नाई दाखोलं. आयकलं फक्त का मी नाई हाय त्याच्यात.”

मी वाचायला लागले. माझा लेख असा जड लागला की जीभ उचलेना. त्या वाक्याशी आले तेव्हा अडखळले.

“पुन्हा.”

पुन्हा वाचलं. ‘तांड्यातली शेवटची बाई.’

“आजून एक डाव.”

तिसऱ्यांदा वाचलं. तोवर मला माझ्याच शब्दाची शिसारी आली होती.

मोतीबाईंनी सुई खाली ठेवली. “हे जमनीनं सांगतलं तुले?”

“नाही.”

“तिनं नाई म्हनलं का मी शेवटची हाय म्हनून?”

“नाही हो. त्यांना मी वाचून दाखवलं तेव्हा हे वाक्य नव्हतंच. मी मागाहून घातलं. त्यांना ते तांड्यातल्या सगळ्यांसारखंच छापून आल्यावर कळलं.”

त्यांनी सुई उचलून गोधडीच्या कडेला खोचली. मग म्हणाल्या, “मले वाटलं, जमनीनंच सांगतलं तुले. पेपरात फोटो आला तं मले विसरली म्हनलं.”

म्हणजे वर्षभर त्यांना माझा राग नव्हताच. मी तर त्यांच्या हिशेबात कुठे नव्हते. त्यांना वाटत होतं, पन्नास वर्षांच्या मैत्रिणीने आपल्याला पुसून टाकलं. आणि मोतीबाई विचारायला जात नव्हत्या, कारण जमनाबाई सांगायला येत नव्हत्या.

अन्वरभाई पुढे आले आणि त्यांनी गोधडीवर तो फोटो पसरला. चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. मोतीबाई वाकल्या. आधी स्वतःचं तोंड बघून लाजल्या, “दात पाय माहे!” मग बोट त्या हातावर गेलं.

“इची ओढनी घसरत होती,” त्या म्हणाल्या. “हे ताठ उभी राह्यली फोटोसाठी, हिले समजे नाई. म्हनून धरली होती मी.”

ज्या हाताने ओढणी सावरली होती तोच मी कापला होता, आणि पुरता कापलाही नव्हता. त्या दिवशी मला जे वाटलं त्याला मी कुठलीही उपमा देत नाही. नाईक म्हणाले होते, सूर्य राहू द्या.

संध्याकाळी

मला वाटलं होतं, आता मोतीबाई पदराने डोळे पुसत धावत जातील. मी लेखाचा शेवटसुद्धा मनात लिहून ठेवला होता. तसं काहीही झालं नाही. त्यांनी दुपारभर आरसे लावले. गाय बांधली. उन्हं कलली तेव्हा उठून, फोटो गुंडाळून काखेत मारला आणि वीस पावलं चालत जमनाबाईंच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या.

जमनाबाई तूर पाखडत होत्या. सूप थांबलं.

“आली का?” जमनाबाई म्हणाल्या.

“आली.”

“कोन हाय तू? तांड्यात तं मी एकटीच हाय म्हनते.”

“भूत हाय मी,” मोतीबाई म्हणाल्या. “ओढनी पाय आपली. घसरली पुन्हा. वर्षभर कोनी सांगतलं नाई वाटते तुले.”

आणि त्यांनी पुढे होऊन ती सावरली. मग दोघी गोरबोलीत, आपल्या बंजारा भाषेत, सुरू झाल्या, दोघी एकदम, इतक्या भराभर की मला एक शब्द कळला नाही. त्यात माझं नाव तीनदा आलं आणि दर वेळी सगळ्या बाया हसल्या. मी विचारलं नाही. तेवढी शिक्षा मला मान्य होती.

मग मोतीबाईंनी पूजाला समोर बसवलं. “रड.”

पूजा बिचारी लाजत गायली. मोतीबाईंनी तोंड वाकडं केलं. “हे रडनं हाय का? इंजेक्शन देल्लं वाटते कोनी.” तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं आणि स्वतः सुरुवात केली. आवाज पातळ, थोडा फाटका, दोन टेकड्यांच्या मध्ये कुठे जागा सापडेल तिथे जाणारा. दुसऱ्या ओळीला जमनाबाई मिळाल्या. तिसऱ्या ओळीला पूजाला खरंच रडू आलं आणि मग तिला ओळी यायला लागल्या. अन्वरभाईंनी कॅमेरा गळ्यात असून उचलला नाही. मी विचारलं, का? म्हणाले, “हात रिकामे नव्हते.” ते डोळे पुसत होते. हे मी वाढवून सांगत नाहीये, आणि त्यांनी ते इथून काढलेलंही नाही.

दारव्ह्याचा बाजार

तिसऱ्या दिवशी आठवडी बाजार. दोघींनी मला मधे बसवून जीपने नेलं, लग्नाच्या खरेदीला, असं म्हणून. पण बाजारात पोचल्यावर मोतीबाईंनी मला चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर बसवलं आणि पाठीत एक धपाटा घातला.

“मोज.”

“काय मोजू?”

“फेटिया. कापल्याशिवाय मोज.”

मिरच्यांच्या ढिगामागे बसली होती ती एक. जीपमधून उतरणाऱ्या दोन. भांड्यांच्या दुकानात घासाघीस करणारी चौथी. दर एकीला जमनाबाई नावाने हाक मारत, ती यायची, माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं जायचं आणि ती कंबरेवर हात ठेवून म्हणायची, “असं का! हेच का ते?” लाल, आरसेदार, कवड्यांचा खुळखुळाट करणाऱ्या बायकांचा माझ्याभोवती असा कोट उभा राहिला की चहावाल्याला बाकीच्यांना कप देता येईना.

चहा अर्धा होईस्तोवर मी अकरा मोजल्या. माझी जीभ एकशे अकरा म्हणायला वळवळत होती. अन्वरभाईंकडे पाहिलं.

“अकरा,” ते म्हणाले. “बरोबर आहे.”

बावीस वर्षांच्या सोबतीत हे मी पहिल्यांदा ऐकलं. उरलेला चहा त्यांना दिला.

वाचून दाखवलं

लग्न झालं. मी नव्हते, पण पूजाने सांगितलं, ढावलो इतका लांबला की वऱ्हाडाची गाडी ताटकळली आणि नवरदेवाचे डोळे पाणावले. अख्खा फोटो समाजमंदिरात जुन्याच्या जागी लागला. जुना लेख मोतीबाईंनी मागून घेतला. कशाला, म्हटलं तर म्हणाल्या, “जमनी जास्त बोलली का दाखोवत जाईन.”

आणि आता हे तुम्ही वाचताय ते सगळं मी फोनवर वाचून दाखवलं आहे, अख्खं, आणि त्यांच्या हरकती सोडून मागाहून एक अक्षर न वाढवता. दोघी एकाच फोनला लागल्या होत्या, मधूनमधून नाईकांचा खोकला ऐकू यायचा. जमनाबाईंची हरकत, त्या ओट्यावर नाही, बाजेवर बसल्या होत्या. मी ओटाच पाहिला होता, म्हणून तो ठेवला आणि त्यांची हरकत इथे नोंदवली. भाकऱ्यांवरून बराच वाद झाला. मी नऊ म्हणते, अन्वरभाई चार म्हणतात. जमनाबाईंनी निकाल दिला: “पाच. एक मी देल्ली तवा फोटोवाला हात धुवाले गेलता.” म्हणजे आम्ही दोघंही खोटे ठरलो. यासाठी मी जमनाबाईंची जन्मभर ऋणी राहीन.

मग मी निरोपाचा भाग वाचला. निघायच्या सकाळी दोघी टेकडीपर्यंत आल्या होत्या. पिशवीत तुरीच्या शेंगा, ठेचा आणि मोतीबाईंनी जडवलेला एक वीतभर रुमाल, पाच आरशांचा. जीप वळली तेव्हा मी मागे पाहिलं, मोतीबाईंचा हात जमनाबाईंच्या खांद्यावर होता. मी लिहिलं होतं: ‘ते त्या दोघींचं मला झालेलं शेवटचं दर्शन.’

“थांब,” मोतीबाई फोनवर म्हणाल्या.

मी थांबले.

“शेवटचं काहून वं? श्रावनात तीज हाय आमची. येत नाई का तू?”

“येते ना,” मी म्हटलं. “नक्की येते.”

“मंग काट ते.”

काटलं. टेकडीपलीकडे ऐकू जाईल इतक्या जोरात पेन ओढून काटलं.